सोमवारचा ताप

कुंदनला ताप यायचा तो नेमका सोमवारी. दिवसभर अंबडच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घरी आला की तोंडात नाणं चघळल्यासारखी चव, मग हुडहुडी. मंगळवारी माणूस ठणठणीत. रक्त तपासलं, तर मलेरिया नाही, काही नाही.

"शाळा चुकवणाऱ्या पोराचं पोट दुखतं तसं झालंय तुमचं," त्याची बायको प्रतिभा म्हणाली. पण छातीच्या डॉक्टरांकडे त्याला ओढून नेलं तिनेच.

डॉक्टरांनी आधी काम विचारलं.

"पॉलिहाऊसचे जीआय पाईप जोडतो."

"म्हणजे वर जस्ताचा थर. ते जळून पांढरा धूर निघतो, त्याचा हा ताप. आठवडाभरात शरीर सरावतं. रविवारच्या सुट्टीत सराव मोडतो, सोमवारी पुन्हा ताप."

"मंगळवारी उतरतो की."

"ताप उतरतो. वर्षानुवर्षं छातीत बसलेला धूर गोळीनं उतरत नाही." त्यांनी नळीत जोरात फुंकायला लावलं. चौतिशीच्या मानानं श्वास थोडा कमी भरला. फार बिघडलं नव्हतं, पण सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी कुंदन धुराचा मास्क लावून पाईपांची टोकं ग्राइंडरनं घासत बसला. मालक रावजीशेठ येऊन उभा राहिला.

"पाईपाला दाढी आलीय का रे?"

"जस्त काढतोय. मग जोडतो."

"गंज चढेल. गिऱ्हाईक माझी गचांडी धरेल."

"जोडावर झिंकचा रंग मारून देतो."

"अरे, धूर निघून जावा म्हणून रोज गूळ देतो मी तुम्हाला. दुसरा कुठला मालक देतो?"

इतकी वर्षं कुंदनही त्याच गुळाच्या भरवशावर होता. "गूळ पोटात जातो, शेठ. धूर छातीत."

रावजी म्हणाला, "आणि माल वेळेवर कसा जायचा?"

"उशीर होईल. पण मी असंच करणार. नसेल चालत तर दुसरा वेल्डर बघा." हे बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं.

रावजीनं घासलेलं टोक उचललं, उजेडात फिरवून पाहिलं. कुंदनसारखा सरळ जोड मारणारा त्याच्याकडे दुसरा कोणी नव्हता.

"घास बाबा. रंगाचा डबा मात्र तूच आण."

कुंदननं पाईप ओढत शटरजवळच्या वाऱ्यात नेले आणि धूर बाजूनं बाहेर पडेल असा बसून पहिला टाका मारला.