सत्यभामाबाईचा रहाट

मित्रांनो, अमरावतीच्या प्रार्थनाघरामागे कडुनिंबाखाली एक तडकलेलं लाकडी चाक पडलं आहे. तो मी. एके काळी विहिरीवर फिरणारा, आता म्हातारा झालेला रहाट.

माझं लाकूड मेळघाटातल्या सागाचं. चिखलदऱ्याच्या उतारावरून ते बैलगाडीनं खाली आलं आणि नांदगाव खंडेश्वरच्या नत्थुजी सुतारांनी मला घडवलं. काम संपल्यावर माझ्या घेरावरून हात फिरवत ते म्हणाले, "बापा, तुले मिरवाचं नाही, फिराचं हाय."

मला प्रार्थनाघराच्या विहिरीवर बसवलं. प्रार्थनाघर म्हणजे तेव्हा मातीच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. ख्रिस्ती मंडळी मूठभर. पाणी भरायचं काम सत्यभामाबाईकडे होतं. उंच, सडसडीत, एकटी राहणारी बाई. पहाटे ती दोर ओढायची आणि तोंडानं गायची. तिचा आवाज असा होता, की खाली विहिरीतलं पाणीसुद्धा ऐकत असावं असं मला वाटे.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती, म्हणून विलायतेला आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा होता. प्रार्थनाघरासमोरच्या मैदानात कापसाचे ढीग लागत. गाडीवानांचे तळ पडत. मात्र ती माणसं माझ्याकडे फिरकत नसत. आमची ती "किरिस्तावाईची इहीर", म्हणजे ख्रिस्ती लोकांची, म्हणून ते दुसऱ्या, लांबच्या विहिरीवरून पाणी आणत.

चैत्रात येशूच्या पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, आला. अकोल्याहून पाहुणे यायचे होते. सत्यभामाबाईनं मंडळीतले वडीलधारे खुशालराव यांना भीत भीत विचारलं, "खुशालभाऊ, सणाले एक गीत मी म्हनू काय?"

खुशालराव माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. "पाहुने इतके येऊन राहिले, बाई! पानी कोन भरन? तुमी आपलं पान्याचं पाहा. देवाघरची सेवाच हाय ते."

ती सणाच्या दिवशी नवं लुगडं नेसून आली आणि आत गाणी चालली असताना बाहेर माझ्यापाशी उभी राहिली. दोर ओढताना त्या दिवशी ती गायली नाही. मित्रांनो, सेवा लहान नसते हे खरं. पण ती कुणी कुणाला सांगावी, हाही प्रश्न आहेच.

इतक्यात मैदानातून ओरडा आला. "आग! आग लागली!"

ठिणगी चिलमीतली की चुलीतली, कुणालाच कळलं नाही. कोरडा कापूस आणि चैत्राचा वारा! एका ढिगावरून ज्वाळा दुसऱ्यावर झेपावल्या. गाडीवान हाती लागेल ते भांडं घेऊन धावले आणि आमच्या विहिरीच्या काठाशी येऊन थबकले.

"थांबा रे! हे किरिस्तावाईची इहीर हाय!" एक जण म्हणाला.

सत्यभामाबाईनं भरलेला पोहरा त्याच्या बादलीत उपडा केला. "आग जात इचारून जाळते काय? जाय, टाक पानी!"

झालं! मग कुणी विचारलं नाही. माणसांची रांग लागली. मी गरागरा फिरू लागलो. प्रार्थनाघरातली मंडळी बाहेर धावली आणि त्याच रांगेत उभी राहिली.

तेवढ्यात शकुन धावत आली. तिवस्याच्या सूर्यभान गाडीवानाची ती बायको. लांबच्या विहिरीवर पाण्याला गेली होती. नवरा काट्यावर कापूस मोजायला गेलेला. त्यांचं तान्हं गाडीखालच्या झोळीत निजलेलं होतं, आणि गाडी धुरात दिसेनाशी झाली होती.

"माहं लेकरू! बाप्पा, माहं लेकरू!"

सत्यभामाबाईनं दोर खुशालरावांच्या हातात कोंबला. "थांबू नोका!" एवढंच म्हणाली. पोहराभर पाणी डोक्यावरून ओतून घेतलं आणि धुरात शिरली.

खुशालरावांचे हात पोथी धरणारे. दोर ओढताना तळवे सोलून निघाले, पण ते थांबले नाहीत. तिच्या वाटेवर माणसं पाणी फेकत राहिली. माझा आस कोरडा पडला. मी किंचाळू लागलो. अंगात कुठंतरी कट्‌ असा आवाज झाला आणि तडा गेला. मला एकच भीती वाटत होती. मी मोडलो तर पोहरा विहिरीतच राहील, आणि ती बाई धुरात.

मी मोडलो नाही. आणि ती आली. भुवया जळालेल्या, नवं लुगडं काळंठिक्कर, छातीशी ओलं गाठोडं. गाठोडं हलेना. मग त्या गाठोड्यातून एक शिंक आली, आणि पाठोपाठ असं रडणं, की रांगेतली दांडगी माणसं पोरांसारखी हसू-रडू लागली.

कापूस बराच गेला. पण गाड्या, बैल आणि आमचं छप्पर वाचलं.

आग निवल्यावर सूर्यभान आपल्या गाडीला टांगलेली वंगणाची बांबूची नळी घेऊन माझ्यापाशी आला. माझ्या आसाला त्यानं बोटानं वंगण चोपडलं, तड्यावर ओली चामड्याची वादी करकचून आवळली. "चाकच हाय थे. इतकं पळालं, त्याले वंगन नोको काय?" असं म्हणाला. तोवर शकुननं ओंजळ पुढे केली होती. सत्यभामाबाईनं पाणी ओतलं, शकुन घटाघटा प्याली. सूर्यभाननं वंगणाचे हात धोतराला पुसले. मग त्यानंही ओंजळ पुढे केली.

फडकी बांधलेल्या हातांनी खुशालराव जवळ आले. "बाई, माहं चुकलं."

"चुकलं कायचं, भाऊ? पानी भरनं हे सेवाच हाय." ती हसली. "पन येत्या रविवारी दोर तुमी वढा. मी गातो."

आणि तसंच झालं. रविवारी खुशालराव दोर ओढत होते. पोहरा धडाधड भिंतींवर आपटत होता, पाणी अर्धं सांडत होतं. आतून सत्यभामाबाईचा आवाज येत होता. ओढता ओढता खुशालरावांचा हात थांबला, आणि मी त्यांना बोल लावला नाही.

पुढे आगगाडी आली, गाडीनं लोखंडी कप्पी आली, आणि मला उतरवून इथं ठेवलं. पावसानं वादी कुजली, तडा रुंदावला. तरी तक्रार नाही. ज्या दिवशी मोडायला नको होतं त्या दिवशी मी मोडलो नाही, एवढ्यानं मन हलकं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी ना कुणी रोज दोर ओढत असेल. त्यांना नुसतं भलं म्हणू नका. कधीतरी त्यांच्या हातातून दोर घ्या, आणि त्यांना आत जाऊन बसू द्या.