सेरवावहिनीचं स्टूल

“कोणी ठेवलं हे उभं?” दारातूनच सेरवावहिनीचा आवाज आला. मी जेवणाच्या फुफूसाठी उकडलेले कंद कुटत होते, मुसळ हातातच राहिलं. स्टुलावरून उठलं की ते आडवं करून ठेवायचं, नाहीतर भटका आत्मा येऊन बसतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. घाईत मीच विसरले होते.

“मी, वहिनी. चुकलं.”

“चुकलं म्हणे! बसला असेल एखादा मेला. आता त्याच्या मांडीवर बसू मी?”

आणि स्टूल तरी कसलं! तडा गेलेलं, पत्र्याच्या पट्टीने सांधलेलं. माझा भाऊ ओपोंग गावातला नावाजलेला कारागीर. एका ओंडक्यातून अख्खं स्टूल काढायचा, कुठे जोड नाही की खिळा नाही. लग्नात नवऱ्याने बायकोला स्टूल द्यायची आमची रीत. दादाने वहिनीसाठी कितीदा तरी कोरायला घेतलं. दर वेळी कोणाच्या तरी लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असायचं, आणि वहिनीच म्हणायची, “देऊन टाका हो. मला कसली घाई?” मला तिचा अस्सा राग यायचा! इतकं चांगलं असू नये माणसाने.

त्या वर्षी दादाच्या छातीत पाणी झालं. तासणी उचलली की धाप लागायची. तरी त्याने सेसेच्या झाडाचा पांढरा ओंडका आणवला आणि अंगणातच कामाला बसला.

“बैठकीखाली मधे कसली नक्षी कोरू गं? इंद्रधनुष्य की गाठ?”

“बसता येईल असं करा म्हणजे झालं. त्या पट्टीने सगळी लुगडी फाडली माझी.”

दादा हसता हसता खोकला. “हेही कोणाला दिलंस ना, तर सोबत तुलाही देऊन टाकीन.”

“कोण घेतंय मला!”

ओलं लाकूड उन्हात तडकतं. सावली सरकेल तसं वहिनी ते सरकवायची, मागोमाग दादालाही उठवून सावलीत बसवायची. काम संपत आलं आणि शेजारची अजेइवा आलीच. लेकीचं लग्न ठरलं होतं तिच्या.

“सेरवा, तू काय, थांबशील. हे मला दे ना.”

दादाचा हात थांबला. मी श्वास रोखून वहिनीकडे बघत राहिले.

“नाही गं,” वहिनी म्हणाली. “हे माझं आहे.”

अजेइवा फणकाऱ्याने निघून गेली. दादाची तासणी पुन्हा चालू लागली. मला तर नाचावंसं वाटलं.

स्टूल झालं. वहिनीने ते घासून गुळगुळीत केलं आणि दादासमोर बसून दाखवलं.

“जरा रुंदच केलंत.”

“तू काय बारीक आहेस?”

त्याच आठवड्यात दादा गेला.

मयतीला आलेली माणसं पांगली. संध्याकाळी वहिनी नव्या स्टुलावरून उठून पाणी प्यायला आत गेली. मी बघते तर स्टूल उभंच! जन्मभर आम्हाला बोलणारी ही बाई!

“वहिनी, आज तूच विसरलीस की,” म्हणत मी ते आडवं करायला वाकले.

तिने मागून येऊन माझा हात धरला.

“राहू दे. विसरले नाही मी. दमून आले असतील ते, बसू देत.”

मला रडू आवरेना. वहिनीने कोपऱ्यातलं पट्टीचं जुनं स्टूल ओढलं, नव्याच्या शेजारी मांडलं आणि त्यावर बसली.