बोटात रुतलेला मांजा

वाघोलीतल्या घरामागे शालूचं बदक एका पायावर उभं होतं. तिने उचलून पाहिलं, तर पतंगाचा मांजा बोटात रुतून पंजा काळानिळा पडला होता. एकटीने तो काढणं शक्य नव्हतं. वाटणीपासून अबोला धरलेल्या धाकट्या जावेला, उत्कर्षाला, तिने कुंपणावरून हाक मारली. उत्कर्षा आली आणि बदकाला टॉवेलात घट्ट धरून बसली.

शालूने कात्रीचं टोक मांज्याखाली सरकवलं. बदक धडपडलं, रक्त आलं.

“ताई, बोट तुटंल!”

“मग हलू देऊ नको!” शालू खेकसली.

अखेर मांजा तुटला. दोघी श्वास रोखून पंज्याकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यावर पुन्हा नारिंगी रंग चढू लागला.

“पट्टी मी धरते, तुम्ही बांधा,” उत्कर्षा म्हणाली.