हिरव्या रंगाखालची फळी

आमच्या धाकट्या दिरांना, व्यंकटरावांना, कलेक्टर कचेरीत खुर्ची आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला छपरातलंही कळतं, असं त्यांचं ठाम मत. कुणाला वाईट म्हणायचं नाही हा माझा नेम, म्हणून मी काही म्हणत नाही. घडलं तेवढं लिहिते.

पडेगावच्या आमच्या घरावर पत्रे आहेत. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या छावणीतल्या जुन्या बराकींचं सामान लिलावात निघालं, त्यातून भावोजींनीच ते उचलून आणले. पत्र्यांच्या कडेला वाशांच्या टोकांवर लांब फळी आडवी ठोकलेली, तीही बराकीचीच. पावसाळ्यात त्या कडेचं सगळं पाणी शेजारच्या दगडाबाईंच्या मातीच्या भिंतीवर पडायचं. भिंत पायाशी पोखरत चाललेली. तिच्या आतल्या अंगाला त्यांची ज्वारीची कणगी, आणि कणगीशेजारी बाजेवर त्या एकट्या.

"वैनी, औंदा ही भिंत मला घिऊनच बसती बघा," असं त्या हसत म्हणायच्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेवटी आमच्या ह्यांनी धीर करून भावापुढं विषय काढला आणि पत्र्याची पन्हळ लावायचं ठरलं. पन्हळीचे आकडे ठोकायचे त्या फळीतच. मी रोज स्नान झालं की मुंग्यांना साखर-कणीक घालते. ती घेऊन मुंगळ्यांची रांग ओसरीच्या खांबावरून चढायची आणि त्या फळीच्या भेगेत शिरायची. रांगोळीआधी अंगण झाडताना फळीखाली रोज बारीक भुसा सापडायचा.

मी हळूच म्हटलं, "भावोजी, पन्हळ भरली की सगळा भार फळीवर येणार. आधी एकदा खिळा टोचून बघता का? आतून पोकळ वाटते."

"वहिनी, निजामाच्या फौजेचं सागवान आहे ते! तुम्ही तुमची मुंग्यांची पंगत सांभाळा. साखर घालायची तुम्हीच, अन् मुंगळे आले म्हणून ओरडायचंही तुम्हीच."

हा विनोद त्यांना इतका आवडला, की दिवसभरात भेटेल त्याला त्यांनी तो ऐकवला.

भिंतीपलीकडून दगडाबाई म्हणाल्या, "निजामाची फौज? ती तर पाच दिसांत बसली की वो व्यंकटराव! तिच्याच लाकडाचा कसला भरवसा?"

सुतार पुंजाराम त्याहून शहाणा. "साहेब म्हणत्यात म्हंजे सागवानच असंल," म्हणून त्यानं भेगांत लांबीचा लगदा भरून त्या बुजवल्या आणि फळीला हिरवागार रंग फासला. मग आकडे ठोकायला घेतले. एकेका ठोक्यात खिळा आत.

"बघा वहिनी, लोण्यात गेल्यासारखा चाललाय!" भावोजी कौतुकानं म्हणाले.

सागवानात खिळा लोण्यात गेल्यासारखा जात असेल, तर त्या सागवानाला आणि ते ओळखणाऱ्याला... पण नेम आहे.

मला घोर लागला तो दगडाबाईंचा. आजवर पाणी थेंबाथेंबानं पडत होतं. आता सगळ्या छपराचं पाणी पन्हळीत जमणार, आणि ऐन पावसात फळी तुटली तर ते एकदम त्याच भिंतीवर कोसळणार. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "व्यंकट ऐकणार नाही." सांगून ऐकणारे नव्हते, पण सत्काराला भावोजी कधी नाही म्हणत नाहीत.

"एवढं मोठं काम केलंत भावोजी," मी म्हटलं, "जलपूजन नको का? पैठणहून आणलेली गोदावरी घरात आहे. चार माणसं बोलवा. तुम्ही दोन शब्द बोला."

भावोजींनी त्याच दुपारी कोट काढून उन्हात टाकला.

पूजेच्या दिवशी मी पन्हळीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद रांगोळी काढली. रांगोळीत कुणी पाय देत नाही. दगडाबाईंना घरातून बोलावून अंगणात पाटावर बसवलं. पुंजारामची शिडी बाजूच्या खांबाला लावायला सांगितली. आणि म्हटलं, "गोदावरीचं पाणी पडायचं त्यात. पहिलं पाणी मातीत सांडू नये. पन्हळीच्या तोंडाला कणकेचा गोळा लावा."

"शास्त्र आहे तसं," भावोजींनी पाहुण्यांना समजावलं. असं कुठलंही शास्त्र नाही.

आधी गोदावरीचा तांब्या ओतला, मग सवाष्णी घागरी देत गेल्या आणि पुंजाराम ओतत गेला. पन्हळ काठोकाठ येऊ लागली. भावोजींनी रांगोळीच्या कडेशी उभं राहून टोपी सारखी केली. "मंडळी, हे लाकूड साधं नव्हे. निजामाच्या—"

कर्र झालं आणि फळी, आकडे, पन्हळ सगळं रांगोळीवर आडवं झालं. भावोजी टोपीपासून धोतरापर्यंत भिजले. हिरव्या रंगाच्या खपल्यांतून मुंगळे पांढरी अंडी तोंडात धरून भळाभळा बाहेर पडले. सागवान कसलं, आंब्याची फळी, आणि तीही नुसता भुसा.

"अगं बया!" दगडाबाई पाटावरून उठल्या. "आली की फौज! लई मोठी पलटण हाय वो व्यंकटराव!"

पाहुण्यांनी पदर, उपरणी तोंडाला लावली.

"पुंजाराम, खिळे हलके आणलेस तू," भावोजी म्हणाले.

तेव्हा आमचे हे जन्मात पहिल्यांदा भावाच्या पुढं झाले. "व्यंकट, कपडे बदलून ये. आता मी बघतो."

त्यांनी पत्र्यांची उरलेली सगळी कड उघडून घेतली. वाशांची टोकं खिळ्यानं टोचून पाहिली. काही कुजलेली निघाली, ती कापून नवे तुकडे जोडले. करमाडहून खरं सागवान आणलं आणि पुढून-मागून, कापलेल्या टोकांनासुद्धा तेल पाजलं. खिळा आत जायला चार ठोके लागतात हे पाहूनच पन्हळ चढवली. मुंग्यांची साखर मी आता लिंबाखाली घालते.

मग एका रात्री पाऊस लागला तो सकाळपर्यंत. उजाडताच मी ओसरीवर आले. पन्हळीचं पाणी बोळाच्या कडेनं ओढ्याकडं धावत होतं. पलीकडून दगडाबाईंनी भिंतीवर थाप मारली.

"वैनी! कोरडी हाय वो! वल नाय, काय नाय!"

भावोजी चहा घेत बसले होते. त्यांनी छपराकडं पाहिलं आणि मोठ्यानं उत्तर दिलं, "राहणारच! सागवान आहे ते. मी पहिल्यापासून सांगत होतो."

मी तुळशीला पाणी घालत होते. नेम मोडला नाही.