फाटकावरचा फुंक्या

मित्रांनो, नाक नसताना ज्याचा सगळा जन्म लोकांच्या तोंडाचा वास घेण्यात गेला, असा मी एक जुना श्वासमापक आहे. श्वासमापक हे माझं पाळण्यातलं नाव. कामावरची माणसं मला 'फुंक्या' म्हणायची. सुरुवातीला राग यायचा. पुढे इतकी सवय झाली की कुणी श्वासमापक म्हटलं तर मीच इकडेतिकडे बघायचो, हाक कुणाला मारली म्हणून.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात एक पातळ चकती बसवली. श्वासातून दारूचा अंश आला की या चकतीत किंचितशी वीज तयार होते आणि माझ्या काचेवर आकडा उमटतो. अंश नसला तर शून्य. एवढीच माझी विद्या. फार नाही, पण तिच्यापुढे वशिला चालत नाही. साहेब असो की सफाईवाला, माझ्यासमोर आला की त्याला गाल फुगवावेच लागतात.

माझी नेमणूक एका अणुवीज केंद्राच्या फाटकावर झाली. तिथे अणू फोडून उष्णता काढतात, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर वीज तयार करणारं चाक फिरवतात. ऐकायला चहाच्या किटलीइतकं सोपं. पण या किटलीखालचा विस्तव विझवला तरी ती कितीतरी दिवस आतून तापतच राहते, तिला सारखं गार ठेवावं लागतं. तिच्याकडे बघणाऱ्या माणसाचं डोकं क्षणभरही जागेवरून हलून चालत नाही. म्हणून आत जाण्याआधी नियंत्रण कक्षातल्या माणसांनी रोज, आणि बाकीच्यांनी संगणक चिठ्ठी काढेल तसं, माझ्यात फुंकायचं असा दंडक होता. संगणकाला भीडभाड नसते. एकदा त्यानं खुद्द मोठ्या साहेबांची चिठ्ठी काढली, आणि पाहुण्यांना मागे उभं करून साहेब मुकाट्यानं फुंकून गेले.

मागच्या खोलीत माझी चुलत भावंडं राहायची, म्हणजे लघवीच्या बाटल्या. नशेच्या गोळ्या, गांजा असलं काही माझ्या चकतीला कळत नाही. ते काम बाटल्यांचं. तिथल्या संडासातलं पाणी मुद्दाम निळं केलेलं असायचं आणि नळ बाहेरून बंद, म्हणजे कुणी बाटलीत पाणी मिसळून शहाणपणा करायला नको. बाटलीच्या अंगावर उष्णता दाखवणारी पट्टी असायची. खिशातून लपवून आणलेला गार माल ती लगेच ओळखायची. निदान माझ्या वाट्याला श्वास आले, यातच मी सुख मानलं.

माझीही परीक्षा व्हायची बरं का. एका नळकांड्यातून दारूचा ठरावीक अंश असलेली हवा माझ्या पोटात सोडायचे, आणि माझा आकडा जुळला तरच मला खिडकीवर बसू द्यायचे. एकदा एका वेल्डरानं फुंकलं आणि माझा आकडा भसकन वर गेला. तो बिचारा रडकुंडीला आला. "अहो, मी आयुष्यात थेंब घेतला नाही! आत्ताच दात घासून त्या बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली फक्त!" त्या पाण्यात दारूचा अंश होता. त्याला पाव तास बसवून पुन्हा फुंकायला लावलं, तर स्वच्छ शून्य. तेव्हापासून लोकांचा माझ्यावर विश्वास बसला, आणि वेल्डर मला ये-जा करताना सलाम ठोकू लागला.

खिडकीवर दोन सिस्टर बसायच्या. मी ज्यांच्याकडे होतो त्या सिस्टर बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. हात इतके हलके की माझी बटणं दाबली गेली हे मलाही कळायचं नाही. प्रत्येक माणसासाठी नवी नळी, आणि ती बंद पाकिटात. पाकीट त्याच्यासमोरच फोडायचं. पण फोडण्याआधी एक प्रश्न विचारायचा, असा आमच्या केंद्राचा नियम होता: "तपासणीआधी तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

हा प्रश्न उगाच नव्हता. पाकीट फुटण्याआधी जो आपण होऊन सांगेल, त्याला त्या दिवशी आत सोडायचं नाही, पण त्याच्यावर उपचार करायचे आणि नोकरी राखायची. पाकीट फुटल्यावर जो सापडेल, त्याचा पास तिथल्या तिथे काढून घ्यायचा आणि कायमचं घरी बसवायचं. आणि खिडकीवर काय बोलणं झालं ते सिस्टरनं कुणालाही सांगायचं नाही, अगदी घरीसुद्धा.

पण रोज रोज तेच विचारून त्या प्रश्नाचा पार भुगा झाला होता. सिस्टर एका दमात "काहीसांगायचंयका" म्हणायच्या आणि त्या तोंड मिटायच्या आत समोरचा "नाही" म्हणून ओठ पुढे करायचा. फाटकावरचा पहारेकरी, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे 'भोंगा' म्हणत, तो तर लांबूनच ओरडायचा, "नाही म्हणा आणि पुढे व्हा! रांग वाढतेय!"

आमच्या रांगेत सगळ्यात वक्तशीर माणूस म्हणजे नियंत्रण कक्षाचे प्रमुख. त्यांना सगळे 'हेडमास्तर' म्हणायचे. कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं, आणि हाताखालच्या माणसाची बारीकशी चूकही नजरेतून सुटायची नाही. ते आमच्या सिस्टरचे थोरले दीर होते. वडील लवकर गेले तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. सिस्टरना या नोकरीसाठी अर्ज करायला लावणारेही तेच. घरात त्यांचा शब्द शेवटचा. म्हातारी आई, भाऊ, भावजय, सगळे एकाच घरात राहायचे. नात्यातल्या माणसाची तपासणी करायची नाही असा नियम असल्यामुळे ते नेहमी दुसऱ्या खिडकीवर फुंकायचे आणि जाताना आमच्या सिस्टरकडे बघून फक्त मान हलवायचे.

त्या सकाळी दुसऱ्या सिस्टर आल्या नव्हत्या. हेडमास्तर आमच्या खिडकीसमोर उभे राहिले. सदरा तसाच कडक, पण डोळे सुजलेले, आणि गालात पेपरमिंटची गोळी. या माणसानं कधी कामावर येताना गोळी चघळली नव्हती.

"कर लवकर," ते म्हणाले. "आतला रात्रपाळीचा माणूस सुटायची वाट बघतोय."

"भाऊजी, तुमची तपासणी मला करता येत नाही. डॉक्टरांना बोलावते." सिस्टरनी फोन उचलला. डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. "येतो खाली," म्हणाले.

फोन ठेवला तरी हेडमास्तर हलले नाहीत. उलट खिडकीवर वाकले. जवळून वास आला असणार, कारण सिस्टरचा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

"अगं, डॉक्टर कशाला?" ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या जागी तूच फुंक. कुणाला कळतंय?"

मित्रांनो, खरं सांगतो, मला कळलं नसतं. श्वास कुणाचा आहे हे माझी चकती ओळखत नाही. सिस्टरनी फुंकलं असतं तर मी इमानेइतबारे शून्य दाखवलं असतं, आणि तो माणूस आत जाऊन त्या तापलेल्या किटलीसमोर बसला असता.

सिस्टरच्या हातात नळीचं बंद पाकीट होतं.

"मी तुला परकी कधी मानली नाही," हेडमास्तर म्हणाले. "घरात मुलीसारखी वागवली. आज माझी अब्रू जायची वेळ आलीये, आणि तू गप्प उभी आहेस?"

सिस्टर म्हणाल्या, "भाऊजी, तपासणीआधी तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

"नाही." सवयीनं, फटकन.

"सिस्टर, चला की पुढे!" भोंगा ओरडला. रांग दारापर्यंत गेली होती.

वरून जिन्यावर डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला. सिस्टरनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्यावर हाताचा पंजा ठेवला.

"भाऊजी, माझ्याकडे बघा. घाईनं नाही म्हणू नका. हे पाकीट अजून फुटलेलं नाही. डॉक्टर आले की ते फोडतील, मग माझ्या हातात काही राहणार नाही. मी पुन्हा विचारते. तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

त्यांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं. इतकी वर्षं तो प्रश्न मी ऐकत होतो, पण तो प्रश्न आहे हे मला त्या दिवशी समजलं.

हेडमास्तरांच्या तोंडातली गोळी फिरायची थांबली. डॉक्टर खालच्या पायरीवर आले, खिडकीशी आले, हातमोजे चढवू लागले.

"झोप येत नाही गं," हेडमास्तर म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. "दर आठवड्याला पाळी बदलते. कधी दिवसा झोपायचं, कधी रात्री, शरीराला काही कळेनासं झालंय. आधी सुट्टीच्या दिवशीच घ्यायचो. आज पहाटेही घेतली." मग ते ताठ उभे राहिले आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "हो. सांगायचंय. मला आत पाठवू नका."

डॉक्टरांनी पाकिटाकडे बघितलं. ते जसंच्या तसं होतं. त्यांनी हातमोजे काढून खिशात घातले आणि हेडमास्तरांना खांद्याला धरून मागच्या खोलीत नेलं. आतल्या माणसाला आणखी थांबायला लावून दुसरा प्रमुख बोलावला गेला. सिस्टरनी पुढच्या माणसासाठी नवं पाकीट घेतलं.

हेडमास्तर उपचारांसाठी दूर गेले. इकडे कुजबूज सुरू झाली. रांगेतल्यांनी एवढंच पाहिलं होतं की ते सिस्टरच्या खिडकीवर आले आणि आत गेले नाहीत. भोंग्यानं आपल्या परीनं बाकीची भर घातली. "सख्ख्या दिराला पकडून दिलं हो!" हे वाक्य मी माझ्या कानांनी, म्हणजे कान असते तर त्यांनी, कितीदा ऐकलं त्याची गणती नाही.

घरी त्याहून वाईट होतं. हेडमास्तरांना जाताना इतकी लाज वाटत होती की आईला ते फक्त "खिडकीवर तीच होती" एवढं म्हणाले आणि गेले. म्हातारीनं त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. पूर्वी सिस्टरचा डबा त्या स्वतः भरून द्यायच्या. आता सिस्टर उपाहारगृहातलं काहीतरी आणून माझ्याशेजारी बसून खायच्या, निम्मं टाकून द्यायच्या.

खिडकीची नोंदवही दुसऱ्या सिस्टरही लिहायच्या, म्हणून त्यांना सगळं ठाऊक होतं. एकदा त्या चिडल्याच. "अगं बाई, किती सोसणार आहेस? एकदाच सांगून टाक ना घरी, त्यांनी आपणहून सांगितलं म्हणून. तुझी चूक काय त्यात?"

"खिडकीवरचं खिडकीवर," आमच्या सिस्टर म्हणाल्या. "आज सासूबाईंना सांगितलं तर उद्या रांगेतला कोण माझ्यासमोर तोंड उघडेल?"

"आणि तुझा नवरा?"

"तो आईच्या आणि माझ्या मधे सापडलाय. त्याला काय बोलायचं!" असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि मग तोच रुमाल उलटा करून माझी काच पुसली.

किती महिने गेले ते मी मोजले नाहीत. एका सकाळी हेडमास्तर परत आले. अंगानं उतरलेले, पण डोळे निवळलेले. नियंत्रण कक्षाची खुर्ची त्यांना मिळाली नव्हती. ती मिळण्याआधी बरेच दिवस न सांगता, केव्हाही, त्यांची तपासणी होणार होती. त्यांनी दुसऱ्या खिडकीवर फुंकलं. तिथल्या माझ्या जोडीदार यंत्रानं शून्य दाखवलं. मग ते आमच्या खिडकीशी आले.

"भाऊजी, तुमची तपासणी मी..."

"झाली माझी तपासणी. दुसरंच बोलायचंय." ते इतक्या मोठ्यानं बोलले की रांगेतली माणसं गप्प झाली. "आईला आज सगळं सांगितलं. तू मला पकडलं नाहीस, मी आपणहून सांगितलं. आणि त्याआधी मी तुला काय करायला सांगत होतो, तेही सांगितलं. इतके दिवस तुझ्यावर ढकलून मी गप्प बसलो. दारूपेक्षा ते वाईट होतं. मला माफ कर."

तेवढ्यात भोंगा धावत आला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच चोरटा वाटला. "सिस्टर, फाटकाबाहेर तुमच्या सासूबाई उभ्या आहेत. पास नाही म्हणून आत सोडता येत नाही. मी म्हटलं घरी जा, तर म्हणतात, सुनेला भेटल्याशिवाय हलणार नाही."

सिस्टर मला चालू ठेवून, खिडकी उघडी टाकून पळाल्या. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, आणि नियमानं ते चूकच होतं. मला खिडकीतून फाटकाचा एक तुकडा दिसत होता. म्हातारी गजांच्या पलीकडे, सिस्टर अलीकडे. त्या काय बोलल्या ते इथवर ऐकू आलं नाही. म्हातारीनं गजांमधून दोन्ही हात आत घातले आणि सुनेचा चेहरा धरला, तो कितीतरी वेळ सोडलाच नाही. पाळी बदलायची वेळ टळून गेली, रांग रस्त्यापर्यंत गेली, पण भोंगा एका शब्दानं ओरडला नाही.

मित्रांनो, आता माझी चकती थकली आहे. नळकांड्याच्या परीक्षेत मी नापास झालो आणि माझ्या जागी एक चकचकीत नवा गडी आला. मी एका कपाटात पडून आहे. माझ्यावर धूळ बसली तर बसू दे, त्याचं मला काही नाही. आकडा सांगायला यंत्रं मिळतील. पण तुमचं एखादं माणूस सुजलेल्या डोळ्यांनी तुमच्यासमोर उभं राहिलं आणि "मला काही झालेलं नाही" म्हणालं, तर तेवढ्यावर पुढे जाऊ नका. मागे कुणी कितीही ओरडू दे. त्याला पुन्हा विचारा, आणि ते बोलेपर्यंत तिथून हलू नका.