मिटल्या डोळ्यांपुढची उल्का

डिसेंबरातला उल्कावर्षाव इंदू वासनिक कधी चुकवत नसे. रायपूरच्या समता कॉलोनीत तिच्या घरामागे लहानसं अंगण होतं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येऊ नये म्हणून ती दोरीवर जुनी चादर टाके, दुर्बीण मृगातल्या तेजोमेघावर लावे आणि शेजारी ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून देई. तो आपोआप आकाशाचे फोटो काढत राही. दिवसभर सरकारी कचेरीतलं काम, डोळ्यांवर लहानपणापासूनचा जाड चष्मा आणि संध्याकाळी हा नाद. नवरा दयाराम रेल्वेत होता. तो म्हणे, "हिची ड्युटी माह्यापेक्षा जड आहे."

त्या वर्षी उल्कावर्षावाच्या संध्याकाळी अंधार पडला आणि तिला डाव्या बाजूला एक उल्का दिसली. पांढरी, बारीक, किंचित वाकडी. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी, अगदी त्याच जागी. ती हरखून गेली. मुलगी मोनाली लॅपटॉपवर फोटो उघडून बसली होती.

"आई, इसमें तो कुछ नहीं है."

"नीट पाह्य. डाव्या कोपऱ्यात."

"देख लिया ना. एक भी नहीं है."

इंदूनं स्वतः पाहिलं. तारे स्पष्ट आले होते, रेघ कुठेच नव्हती. कॅमेऱ्याचं तोंड चुकलं असेल म्हणून तिनं तो डावीकडे वळवला. पुन्हा रेघ चमकली, पुन्हा फोटो कोरा. तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि मान वळवली.

मिटलेल्या डोळ्यांच्या काळोखात उल्का पडली.

तिनं भिंतीला हात टेकला. दारातून दयारामनं विचारलं, "काहून वं, काय झालं?"

"काही नाही. चक्कर आली जराशी."

बोलून दाखवलं तर ते खरं होईल, असं तिला वाटलं. अंथरुणात पडल्यावर ती मुद्दाम डोळे हलवून पाहत राहिली, आणि दर वेळी ती रेघ येतच होती.

सकाळी पोळी लाटताना पिठावर काजळीचे ठिपके तरंगायला लागले. तिनं चष्मा पुसला, परत पुसला. ठिपके चष्म्यावर नव्हते. तरी ती कचेरीत गेली. दुपारी उजवा डोळा हातानं झाकून समोर पाहिलं, तर नाकाच्या बाजूनं, खालून, एक काळी सावली वर आली होती. टेबलाचा कोपरा त्या सावलीत बुडाला होता. तिनं दयारामला फोन लावला.

"अवो, मले डाव्या डोळ्यानं नीट दिसून नाही राहिलं. काळं काळं येऊन राहिलं."

दयाराम म्हणाला, "तिथंच बस. मी येऊन राहिलो."

स्कूटरवर प्रत्येक खड्ड्याला तिला वाटे, सावली अजून वर चढली. दवाखान्यात डॉक्टरांनी थेंब टाकले, झगझगीत उजेडात बराच वेळ डोळ्यात पाहिलं.

"आँख का पर्दा फटा है, और उखड़ने लगा है. बीच का हिस्सा अभी बचा है. ऑपरेशन आज ही करना पड़ेगा."

"किती दिसंल मग?" तिनं मराठीतच विचारलं.

डॉक्टरांनी अंदाजानं ओळखलं. "अभी नहीं बोल सकता."

ऑपरेशनच्या वेळी ती जागी होती. डोळा बधिर केलेला, तोंडावर हिरवं कापड. यंत्राची टिकटिक आणि डॉक्टरांचा श्वास ऐकू येई. मधूनच ती कापडाखाली उजवा डोळा उघडून पाही. हिरवा उजेड दिसला की मिटून घेई. थोड्या वेळानं पुन्हा उघडे. तेवढंच तिच्या हातात होतं.

डोळ्यात भरलेला वायू पडद्याला टेकून राहावा म्हणून नंतर आठवडाभर तिला मान खाली घालून राहावं लागलं, झोपतानाही पालथंच. मोनाली खाली बसून तिला चमच्यानं भरवी. फरशीकडे बघत इंदू रडे, पण रडायलाही भीती वाटे.

डोळा वाचला. दाराची सरळ चौकट मात्र त्या डोळ्याला वाकडी दिसते. उजव्या डोळ्याचा पडदाही एका ठिकाणी पातळ निघाला, तिथं लेझर मारलं. "चमक दिखे तो उसी दिन आना," डॉक्टरांनी बजावलं. चमक दिसते ती अंधारात, म्हणून तिला अंधाराचीच धास्ती बसली. दिवेलागणीनंतर ती अंगणात पाऊल टाकीना.

उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी दयारामनं दुर्बीण स्वतःच बाहेर नेऊन मांडली. "चल."

"मले भेव लागते."

"मले बी लागते. मी बाजूले उभा आहे ना."

ती बाहेर आली. अंधारात श्वास रोखून तिनं नजर डावीकडे फिरवली, मग उजवीकडे. काहीच चमकलं नाही. तिनं उजवा डोळा भिंगाला लावला. सगळं काळं. ती झटकन मागे सरली.

"थांब, थांब," दयाराम घाईनं पुढे झाला. "झाकण काढाचंच राहिलं."

त्यानं झाकण काढलं. चंद्राचा पुसट गोळा आत आला, तिच्या हाताचा धक्का लागून हलत होता. तो स्थिर होईस्तोवर ती थांबली, आणि मग हळूहळू फोकस फिरवायला लागली.