हसतोय की धापा टाकतोय?

दीर जहाजावर नोकरीला लागला आणि जाताना आपला पग जातीचा कुत्रा वहिनीच्या गळ्यात मारून गेला.

"वहिनी, याचा काही म्हणजे काही त्रास नाही. खातो, झोपतो, हसतो. गरीब जनावर आहे."

वहिनीचं इस्त्रीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. नवरा गेल्यापासून राहायला ती आणि सासूबाई दोघीच. कुत्र्याचा दोघींना काडीचाही अनुभव नव्हता. त्यात हा चपट्या तोंडाचा, बटबटीत डोळ्यांचा गोळ्या! चुण्या मोडण्यात वहिनीचं आयुष्य गेलं, पण याच्या तोंडावरच्या चुण्या उलगडून, ओल्या फडक्यानं पुसून, नीट कोरड्या करून पुन्हा होत्या तशा ठेवायच्या होत्या.

त्याहून अवघड होते त्याचे आवाज. मधेच मान ताणून तो नाकातून असा काही खर्रखर्र आवाज काढायचा, की जड टेबल फरशीवरून कुणी ओढतंय असं वाटावं. ती हातातलं टाकून धावायची, तोवर हा शेपटी हलवत उभा! जीभ बाहेर, तोंड या कानापासून त्या कानापर्यंत ताणलेलं.

"बघा, कसा हसतोय!" गिऱ्हाइकं म्हणायची. मग तीही हसायची.

दुपारी मागच्या खोलीतून घोरणं ऐकू यायचं. "आई, तुम्ही की तो?" ती दुकानातूनच विचारायची.

"मी जागी आहे!" सासूबाई दर वेळी तितक्याच ठसक्यात सांगायच्या.

एका दुपारी हॉटेलच्या चादरींचा ढीग पडला होता. बाहेर ऊन, आत वाफ. गोळ्या तिच्या पायाशी टेबलाखाली पडलेला. घोरणं ऐकू येत होतं, नेहमीपेक्षा जरा मोठंच. आई आज गाढ झोपल्या, असं मनाशी म्हणत तिनं पुढची चादर ओढली.

तेवढ्यात सासूबाईच पाणी प्यायला बाहेर आल्या आणि टेबलाखाली वाकल्या.

"अगं, हा घोरत नाहीये! डोळे उघडे आहेत याचे!"

त्याची जीभ जांभळी पडली होती. उचलला तर पाय लुळे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावेपर्यंत सासूबाई बर्फ घेऊन आल्या.

"बर्फ नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधं गार पाणी ओता, पोटावर, पायांवर. पंख्याखाली धरा आणि लगेच घेऊन निघा."

गोळ्या वाचला. संध्याकाळी दवाखान्यात तो मान वर करून बघायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाक तिला दाखवलं. नाकपुड्या कसल्या, नुसत्या दोन चिरा. घशातलं मऊ मांसही लांबलेलं, तेच श्वासाच्या आड येत होतं.

"श्वासासाठी हा जन्मापासून झगडतोय. ऑपरेशन करता येईल. भूल देण्यात धोका आहे, पण असाच ठेवण्यातही आहे."

"पण तो तर हसतो..."

"तोंड उघडल्याशिवाय त्याला हवा पुरत नाही. आपण त्याला हसणं म्हणतो."

"म्हणजे तो कधी आनंदात नव्हताच?"

डॉक्टरीणबाईंनी गोळ्याच्या मानेवरून हात फिरवला. "असेलही. धाप लागलेली असताना माणूस आनंदात नसतो का? मला नाही सांगता येत."

वहिनीच्या डोक्यात अधिकच गोंधळ उडाला. आणि कुत्रा तर तिचा नव्हताच. तिनं दिराला फोन लावला.

"सुरी लावायची? वहिनी, तो पहिल्यापासून असाच आहे. चांगला हसतोय की!"

"भाऊजी, तो हसत नाही," ती म्हणाली. मग घुटमळली. "म्हणजे, हसत असेलही. पण..."

सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला. "तू तिकडे समुद्राची हवा खा! इथे याला श्वासापुरती मिळत नाहीये."

दीर हळूच म्हणाला, "करा."

ऑपरेशन पार पडलं आणि घरी नवीच पंचाईत झाली. गोळ्या आवाजच करेना. झोपला की दोघी आळीपाळीनं त्याच्या नाकापुढे हात धरून बघायच्या. मागच्या खोलीतलं घोरणं मात्र चालूच राहिलं. त्याबद्दल कुणी कुणाला विचारलं नाही.

टाके विरून जखम भरल्यावर वहिनी त्याला सकाळच्या गारव्यात फिरायला घेऊन निघाली. गळ्याला ताण नको म्हणून पट्टा आता छातीवरून बांधला होता. इतके दिवस कोपऱ्यापर्यंत जाऊन गोळ्या बसकण मारायचा आणि तिला त्याला कडेवर घेऊन परतावं लागायचं. आज कोपरा आला तशी ती सवयीनं वाकली, तर हा पुढे! बंद गिरणीची भिंत गेली, सायकलवाल्याचं दुकान गेलं, आणि मग तिच्या ओळखीचं काहीच उरलं नाही. घर आणि दुकान एकाच छपराखाली. इकडे यायची वेळच कधी आली नव्हती.

रस्त्याला फाटा फुटला तिथे गोळ्या थांबला आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघू लागला.

"अरे, मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "मला तरी कुठे माहीत आहे?"

दुकान उघडायची वेळ होत आली होती. आल्या वाटेनं वळायला हवं होतं. पण कोपऱ्यावरच्या झुडपाचा वास घेऊन गोळ्या डावीकडे निघाला, पट्टा ताणला, आणि वहिनी त्याच्यामागे चालू लागली.